आपण फिरायला जाता का?

आमच्या वन्संना गल्लीत कुणी नावानं हाक मारत नाही. शाळकरी मुलांपासून औषधांच्या दुकानदारापर्यंत सगळे त्यांना प्रश्नताई म्हणतात, आणि त्यांनाही त्याचं काही वाटत नाही. वन्सं म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. लग्न दोनदा ठरत आलं आणि राहिलं. मग तो विषय त्यांनीच मिटवून टाकला. तेव्हापासून आम्ही चौघं एका घरात: सासूबाई, हे, वन्सं आणि मी.

त्यांची नोकरीच प्रश्न विचारायची. पाणी कुठून येतं, घरात कमावतं कोण, मुलं शाळेत जातात की नाही, दुखलंखुपलं तर दवाखाना किती लांब. कचेरीला जे जाणून घ्यायचं असेल ते वन्सं दारोदार जाऊन विचारणार, फळीला लावलेल्या कागदावर खूण करणार आणि पुढच्या दाराची कडी वाजवणार. ही सवय घरातही सुटायची नाही. मी चहा पुढे केला की एक घोट घेऊन म्हणायच्या, "वहिनी, साखर कमी, बेताची की जास्त, असं मला कुणी विचारलं तर मी 'कमी' वर खूण करीन."

"सरळ साखर माग की बाई," हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे.

"दादा, तुझं मत कुणी विचारलेलं नाही."

त्यांच्या कामाचा एक नियम होता आणि तो त्या देवाच्या आज्ञेसारखा पाळत. प्रश्न जसा छापला आहे तसाच वाचायचा. काना नाही, मात्रा नाही, काही बदलायचं नाही. समोरच्याला कळलं नाही तर पुन्हा तोच वाचायचा, सावकाश. आपण समजावून सांगायला गेलो की उत्तर त्याचं राहत नाही, आपलं होतं, असं त्यांना पहिल्या दिवशी शिकवलं होतं. त्यांचे कागद इतके स्वच्छ असायचे, ना खाडाखोड ना शेरा, की एका वरिष्ठांनी ते नवीन पोरींना दाखवायला ठेवून घेतले होते. ते सांगताना वन्संचा चेहरा उजळायचा. आता नाही उजळत.

आमच्या गल्लीच्या टोकाला दगडी पायऱ्या आहेत आणि त्या पायऱ्यांच्या तळाशी वाळू होती. लहानशीच, एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला शिंप्याच्या परसाची भिंत. तिला आम्ही कधी किनारा म्हटलं नाही. किनारा म्हणजे शहराच्या पलीकडचा, जिथं बसनं जावं लागतं, जिथं हॉटेलं आहेत आणि लोक फोटो काढतात. आमची ती नुसती 'खाली'. "आई कुठं आहेत?" "खाली." "दिवा लावून झाला की खाली ये." उन्हं कलली की गल्लीतली बायामाणसं हातातलं काम टाकून खाली यायची आणि अंधार पडेपर्यंत बसायची. कुणी निवडायला भाजी आणायचं, कुणी नुसतंच वाऱ्याला बसायचं. सासूबाईंचे गुडघे गेलेले, पण वन्सं कचेरीतून आल्या की त्यांचा एक हात खांद्यावर घेऊन पायरी पायरी उतरवायच्या. त्यांच्यासाठी भिंतीला टेकून जुनी उशी ठेवलेली असे. दिवसभर खिडकीशी गप्प बसणाऱ्या सासूबाई त्या उशीवर टेकल्या की बोलक्या व्हायच्या. सगळ्या गल्लीचा हिशोब त्यांच्याकडे: कुणाच्या मुलीचं कुठं जमतंय, कुणाच्या घरी आज भांडी जोरात आपटली.

एका संध्याकाळी मी घरी भाजी चिरत होते आणि वन्सं आल्या त्या सांगतच आल्या, "वहिनी, आता आमच्याकडे धुपेचं काम आलंय."

मी म्हटलं, "अरे वा! कुठल्या देवळाचं?"

त्या हसत सुटल्या. "अगं, तो धूप नाही. ही धूप. किनाऱ्याची. समुद्र वाळू ओढून नेतोय ना, ती."

मग त्यांनी नीट सांगितलं. सगळीकडचेच किनारे खचत चालले आहेत. बाहेरून वाळू आणून टाकायची, पुढे दगडांची रांग घालायची म्हणजे किनारा टिकतो. पण सगळ्याच किनाऱ्यांना ते करणं जमणार नाही. तेव्हा आधी बघायचं, कुठला किनारा लोकांना किती हवा आहे.

"म्हणजे गिऱ्हाईक किती ते बघायचं?"

"गिऱ्हाईक नाही ग. मागणी. माणूस किती लांबून येतो, किती वेळ मोडतो, येण्याजाण्याला किती पैसे घालवतो, त्यावरून त्याची ओढ कळते."

"आणि जो चालत येतो त्याचं काय मोजणार?" ह्यांनी विचारलं. "चपलेची झीज?"

"त्याच्यासाठी घरोघरी वेगळा प्रश्न आहे, दादा. शिकलेली माणसं आहेत ती, एवढं त्यांनाही सुचलंय."

मला बरं वाटलं. खालची वाळू दर पावसाळ्याला थोडी थोडी कमी होत होती हे आम्हाला दिसतच होतं. पूर्वी पायऱ्या उतरल्यावर पाण्यापर्यंत चांगलं चालावं लागायचं. आता मोठी लाट आली तर सासूबाईंची उशी उचलावी लागायची. शिंप्याच्या भिंतीचा पाया उघडा पडला होता. मी देवापुढे बसले तेव्हा म्हटलं, देवा, आमच्या वन्संच्याच हातून हे काम होतंय, तर आमची खालची जागा राहू दे.

आमची गल्ली खरं तर वन्संच्या वाट्याची नव्हती. जिच्या वाट्याची होती ती बाळंतपणाला गेली, म्हणून साहेबांनी ती वन्संना दिली. त्या सकाळी वन्सं इस्त्रीची साडी नेसून, गळ्यात कचेरीचं ओळखपत्र अडकवून बाहेर पडल्या आणि पहिल्यांदा आमच्याच दाराची कडी वाजवली. दार उघडंच होतं.

"अहो, आत या की," मी म्हणाले.

"मी कामावर आहे," त्या म्हणाल्या, आणि सासूबाईंसमोर खुर्ची ओढून बसल्या. घसा साफ केला. "नमस्कार. आपण किनाऱ्यावर फिरायला जाता का? जात असल्यास, साधारण किती वेळा?"

सासूबाईंनी आधी मागे वळून बघितलं, कुणी पाहुणा आलाय की काय म्हणून. "कोण आपण?"

"तूच ग, आई. म्हणजे आपण."

"मी? फिरायला?" सासूबाईंनी लुगडं वर करून दोन्ही गुडघे दाखवले. "हे बघ, लिहून घे. ह्या गुडघ्यांना विचार, फिरायला जाता का म्हणून."

आम्ही सगळे खो खो हसलो. वन्संनी प्रश्न पुन्हा वाचला, सावकाश, तसाच्या तसा. सासूबाई म्हणाल्या, "नाही हो बाईसाहेब, आम्ही नाही फिरत." वन्संनी 'जात नाही' वर खूण केली.

मला विचारलं तेव्हा मीही तेच सांगितलं. खोटं नव्हतं ते. फिरायला म्हणजे नवी साडी नेसून, डबा घेऊन, बसनं कुठंतरी जायचं. आणि तसं मी कुठं गेलेय? शिंपीणकाकूंकडे मीही मागोमाग गेले, गंमत बघायला. त्यांचं मशीन चालूच होतं.

"फिरायला? ही शिलाई तुझा साहेब करणार आहे का? फिरणं रिकामटेकड्यांचं काम, बाई. नाही म्हणून लिही, आणि जाताना ते दार ओढून घे."

सगळ्या गल्लीनं असंच काहीबाही सांगितलं. कुणी म्हणालं, दोन वर्षांपूर्वी भाचीला घेऊन गेलो होतो, तेवढंच. आणि त्याच संध्याकाळी आम्ही सगळ्या खाली बसलो होतो, वन्संसुद्धा, पाय वाळूत खुपसून. शिंपीणकाकू वन्संची नक्कल करत होत्या, "आपण भात जेवता का? जेवत असल्यास साधारण किती शितं?" वन्संच सगळ्यांत जास्त हसत होत्या.

प्रत्यक्ष वाळूवर उभं राहून माणसं मोजायचंही काम होतं. पण ते दुसऱ्याकडे होतं आणि कचेरीच्या वेळेत. भर दुपारी आमच्याकडे खाली कुत्रंसुद्धा नसतं.

बरेच महिने गेले. मग एक दिवस वन्सं घरी आल्या त्या चपला पायात तशाच ठेवून आतल्या खुर्चीत येऊन बसल्या. असं त्या कधी करत नाहीत. मी पाणी दिलं, ते हातातच राहिलं.

"ठरलं," त्या म्हणाल्या. "मोठ्या किनाऱ्याला मिळालं. वाळूही आणि दगडही. आपल्याला नाही."

"अहो, पण का?"

"आपल्याकडचा वापर नगण्य आहे म्हणे. अहवालात तसं लिहिलंय. आजूबाजूची माणसं किनाऱ्याला जातच नाहीत, असं त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलंय."

सासूबाईंनी खिडकीशी बसूनच विचारलं, "नगण्य म्हणजे काय ग?"

"मोजण्यासारखं नाही असं."

"काय मोजण्यासारखं नाही?"

"तू," वन्सं म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून न्हाणीघरात गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या साहेबांकडे गेल्या. काय झालं ते त्यांनी मला नंतर तुकड्यातुकड्यानं सांगितलं. साहेब माणूस वाईट नाही. त्यांनी उठून खुर्ची दिली, सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ताई, ही माणसं रोज तिथं जाऊन बसतात हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो. मीही बसते."

"मग खाली शेरा का नाही घातलात? प्रत्येक कागदावर शेऱ्यासाठी जागा सोडली होती, ती अशाच गोष्टींसाठी. एक ओळ असती, 'फिरायला नाही, पण रोज बसायला येतात', तर मी सगळ्या गल्लीला पुन्हा माणूस पाठवला असता."

इतक्या वर्षांत त्यांनी शेरा कधी घातलाच नव्हता. शेरा म्हणजे कागद खराब, असं त्यांच्या डोक्यात बसलं होतं. साहेबांनी वर लिहून पाठवलं, हेही खरं. वरून उत्तर आलं की कामं सुरू झाली आहेत, पुढच्या पाहणीच्या वेळी जरूर विचार करू.

मी समजूत घालायला गेले. "वन्सं, देवाला ठाऊक आहे आपण रोज खाली जातो ते. त्याला सांगावं लागत नाही."

"वहिनी, दगड देव नाही टाकत. कचेरी टाकते. आणि तिला सांगायचं काम माझं होतं."

त्या दिवशी देवापुढे बसल्यावर मलाही नेहमीसारखं मन लागेना.

गल्लीला सांगू नका असं हे म्हणत होते. "कशाला उगाच ओढवून घेतेस? कचेरीनं केलं म्हण, संपलं." पण वन्संनी ऐकलं नाही. खालीच, सगळ्या बसलेल्या असताना, त्यांनी उभं राहून सांगितलं. कामावरच्या आवाजात. आपण काय विचारलं, गल्लीनं काय सांगितलं, आपण काय लिहिलं आणि काय लिहायचं राहिलं.

आधी कुणाला काही कळलंच नाही. शिंपीणकाकू हसल्या, त्यांना वाटलं गंमत चाललीय. मग त्यांचा चेहरा बदलत गेला.

"थांब. म्हणजे मी नाही म्हटलं म्हणून?"

"नाही काकू. मी तेवढंच लिहिलं म्हणून."

"तू तर माझ्या मांडीला मांडी लावून बसतेस ग! तुला दिसत नव्हतं मी कुठं बसलेय ते?"

"दिसत होतं."

"मग आम्ही अडाण्यासारखं काहीतरी बोललो, तर तू शहाणीनं हो लिहायचं ना!"

"तुम्ही अडाण्यासारखं नाही बोललात. माझा प्रश्नच..."

"माझी भिंत आहे तिथं," शिंपीणकाकू म्हणाल्या. त्यांनी मांडीवरची भाजी गोळा केली आणि त्या उठून गेल्या. हळूहळू बाकीच्याही उठल्या. सासूबाई, वन्सं आणि मी तेवढ्या राहिलो. सासूबाईंनी लेकीचा हात धरून तिला खाली बसवलं. "बस. वारा चांगला सुटलाय," एवढंच म्हणाल्या.

पुढच्या पावसाळ्यात वाळू गेली. एकदम नाही; पण एका जोराच्या भरतीनंतर आम्ही बघायला गेलो तर शेवटच्या तीन-चार पायऱ्या पाण्यात होत्या आणि ओहोटीला खाली नुसते गोटे उघडे पडले. शिंप्याच्या परसाची भिंत खचली. घर वाचलं, हे देवाचे उपकार. पण परसातलं केळीचं बेट गेलं. नगरपालिकेनं पायऱ्यांच्या तोंडाशी लोखंडी कठडा लावला. काही दिवस लोक कठड्याशी उभे राहायचे. पण उभं राहून माणूस किती वेळ बोलणार? हळूहळू तेही थांबलं. गल्लीत संध्याकाळी आता दारं लवकर लागतात. कुणाच्या घरी काय चाललंय ते सासूबाईंना कळेनासं झालं. त्या मला विचारतात, आणि खरं सांगायचं तर मलाही ठाऊक नसतं.

वन्संचं काम बदललं नाही, त्यांचं वागणं बदललं. त्या आता घरात प्रश्न विचारत नाहीत. साखर कमी असली तर तसाच चहा पितात. हे एकदा मुद्दाम म्हणाले, "काय ग, आज खूण कुठं करायची?" तर नुसत्या हसल्या. मग हेच उठून साखरेचा डबा घेऊन आले.

मध्यंतरी पुढची पाहणी निघाली. नवे दगड टाकलेल्या मोठ्या किनाऱ्यावर रविवारी उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचं होतं. त्या रविवारी शिंपीणकाकूंनी मला आग्रहानं बसनं तिथंच नेलं. "घरात जीव गुदमरतो ग," म्हणाल्या. वन्सं तिथं असतील हे मला ठाऊक होतं, काकूंना नव्हतं. मी सांगितलं नाही. वाळू पांढरीशुभ्र, बाहेरून आणलेली, पायाला जरा भरड लागणारी. बसायला बाकं आहेत, एकाच ओळीत, सगळी समुद्राकडे तोंड करून. शेजारच्याचं तोंड दिसत नाही.

आम्ही बाकावर टेकतो न टेकतो तोच समोर सावली पडली. ओळखपत्र, फळी, इस्त्रीची साडी. वन्संनीही आम्हाला जवळ आल्यावरच पाहिलं. दोघींचं महिनोन्महिने बोलणं नव्हतं. वन्सं मागे फिरतील असं मला वाटलं. पण दर ठरावीक माणसांनंतर पुढच्याला विचारायचंच, असा नियम होता, आणि ते पुढचं माणूस काकू होत्या.

"नमस्कार," वन्सं म्हणाल्या. "आपण इथं फिरायला किती वेळा येता?"

काकू बाकावर सरळ होऊन बसल्या.

"आता येते," त्या म्हणाल्या. "आता फिरायलाच येते. महिन्यातून एकदा जमतं. बसचं तिकीट काढून येते, जाऊन-येऊन अर्धा दिवस मोडते. लिही सगळं."

वन्संनी लिहिलं. मोठ्या किनाऱ्याच्या मागणीत आमच्या गल्लीचं एक माणूस वाढलं. मग त्या कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात बराच वेळ काहीतरी लिहीत राहिल्या. लिहून झाल्यावर त्या म्हणाल्या, "आभारी आहे," आणि पुढच्या बाकाकडे गेल्या.

परतीच्या बसमध्ये गर्दी होती. आम्हाला जागा मिळाली होती. वन्सं मागाहून चढल्या आणि दांडा धरून उभ्या राहिल्या. दोन थांबे गेले. मग काकू खिडकीकडे सरकल्या, मला कोपरानं ढकललं आणि रिकाम्या झालेल्या वीतभर जागेवर हात आपटला.

"बस ग. दिवसभर उभीच आहेस."

वन्सं बसल्या, अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर. आमचा थांबा जवळ आला तेव्हा काकू म्हणाल्या, "आईंना आणत जा की इकडे. बाकं आहेत. मी हात देईन."

"बसची पायरी उंच आहे, काकू. बघितलं मी करून. नाही जमत त्यांना."

घरी आलो तेव्हा सासूबाई खिडकीशी जाग्याच होत्या, संध्याकाळपासून तशाच. वन्संनी चपला काढल्या, हातपाय धुतले आणि तेलाची वाटी घेऊन त्यांच्या पायाशी बसल्या.

"कोण कोण होतं?" सासूबाईंनी विचारलं.

"शिंपीणकाकू होत्या. वहिनी होती."

"आणखी?"

"आणखी पुष्कळ माणसं होती, आई."

"कोण?"

वन्सं गुडघ्याला तेल चोळत राहिल्या. "ओळखीचं कुणी नव्हतं ग," त्या म्हणाल्या.